बेटावरची दुपार

त्या शुक्रवारी दुपारी ऋजुता कर्णिक कॉलेजच्या ग्रंथालयात, तळघरात, कसर लागलेली पुस्तकं वेगळी काढत बसली होती. हातात मोजे, नाकाला रुमाल. टेबलावरचा फोन थरथरत कडेला सरकला, तसा तिच्याबरोबर काम करणाऱ्या सायरानं तो पडायच्या आत उचलला.

"तुझ्या आईचा निरोप आहे. बोललेला. लांबलचक."

"ती लिहीत नाही गं. चष्मा सापडेपर्यंत बोलून होतं म्हणते."

"लावू का? तेवढीच मला करमणूक."

"नको. श्रावण लागलाय, वालाचंच असणार. संध्याकाळी ऐकते."

वालाचं म्हणजे बिरड्याचं. ऋजुताच्या आईच्या, उज्ज्वला कर्णिक यांच्या, घरी श्रावणी सोमवारी कडव्या वालाचं बिरडं व्हायचं, आणि ते मनात आलं म्हणून होणारं नव्हे. शनिवारी वाल भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरून सोलायचा. एकटीसाठी एवढं कोण करतं? म्हणून दर वर्षी त्या आधी विचारायच्या. मुलगी हो म्हणाली तर वाल डब्यातून बाहेर यायचे.

उज्ज्वलाबाई विजेच्या खात्यात इंजिनियर होत्या. भार नियंत्रण कक्षात, भिंतभर आकड्यांसमोर, त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्यावर मुलीकडे पुण्याला न येता त्या आंबेडोहला जाऊन राहिल्या. घाटाखालचं चिमुकलं खोरं, धबधब्यावर चालणारं एक जुनं वीजकेंद्र. नोकरीची पहिली वर्षं त्यांनी तिथंच काढली होती.

ऋजुतानं निरोप संध्याकाळीही ऐकला नाही. बाजारातून पायपुसणं आणलं, दूध उतू गेलं ते पुसलं, आणि फोन उशाशी ठेवून ती झोपली. खरं तर आईशी बोलायचं तिला जिवावर आलं होतं. मागच्या आठवड्यात दोघींचं वाजलं होतं. वीजखंड चौकशी आयोगानं आईला साक्षीला बोलावलं होतं आणि ऋजुता म्हणाली होती, "कशाला त्यात पडतेस? निवृत्त झालीस ना?" आई त्यावर काहीच बोलली नव्हती. त्या न बोलण्याचीच ऋजुताला धास्ती वाटत असे.

शनिवारी सकाळी आंबेडोहहून सुनंदाकाकूंचा फोन आला. सुनंदा कदम, आईच्या शेजारी.

"ऋजू, तुझी आई दार उघडत नाय गं. आतला दिवा चालू दिसतोय."

* * *

हृदय बंद पडलं होतं. ऋजुतानं डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारलं. साक्षीच्या तोंडावर माणूस जातं, तेव्हा विचारावंच लागतं. डॉक्टर वयस्कर होते, त्यांना राग आला नाही. तिच्या समाधानासाठी त्यांनी सगळ्या तपासण्या दुसऱ्या शहरातून करून आणल्या. विष नाही, घाव नाही, झटापट नाही. आईला कुणीही मारलं नव्हतं.

हे कळल्यावर तिला जे बरं वाटलं, ते तेराव्यापर्यंत टिकलं.

तेराव्याची पंगत उठली होती. सुनंदाकाकू पत्रावळी गोळा करत होत्या. पुढच्या खोलीत कुणीतरी बातम्या लावल्या आणि एकाएकी घरात आईचा आवाज आला.

ऋजुताच्या हातात पाण्याचा जग होता. तो तिनं जपून खाली ठेवला.

"नोंदींची किल्ली अजून माझ्याकडे आहे," आई म्हणत होती. "मुलीची बाहेर सोय झाली की देते. आधी नाही, बरं का."

मग एका पुरुषाचा आवाज, परका, मोडकं हिंदी बोलणारा. मग पुन्हा आई. मध्येच तिचं ते घसा साफ करणं, दोनदा, आखूड. मागं तिच्या स्वयंपाकघरातल्या जुन्या फ्रीजची घरघर. पडद्याच्या कोपऱ्यात हिरवी गोल खूण होती. म्हणजे ध्वनिप्रमाण केंद्रानं ही नोंद तपासली होती आणि ती अस्सल होती. खाली पट्टी सरकत होती: देशाच्या वीजजाळ्याचं गुपित शत्रूला विकणारी अधिकारी, मृत्यूच्या काही तास आधीचं संभाषण हाती.

खोलीतली माणसं एकेक करून चपला शोधू लागली. सुनंदाकाकू तेवढ्या उभ्या राहिल्या, हातात उष्ट्या पत्रावळींचा ढीग घेऊन.

ऋजुतानं ती नोंद परत परत ऐकली. खोट कुठे आहे ते ती शोधत होती. एखादा शब्द आईचा नसेल, एखादा श्वास चुकीच्या जागी असेल. लहानपणापासून ती हा आवाज ऐकत आली होती, तिला ते कळायलाच हवं होतं. पण आवाजात खोट नव्हती. ती आई होती. आणि याचा धक्का तिला मृत्यूपेक्षा मोठा बसला.

* * *

आवाजाची नक्कल करणं आता कुणालाही जमत होतं. पाचपन्नास वाक्यांचा नमुना दिला की यंत्र हव्या त्या माणसाच्या तोंडून हवं ते वदवून घेई. मंत्र्यांचे, न्यायाधीशांचे, मेलेल्यांचे आवाज बाजारात आले, तेव्हा न्यायालयांनी ध्वनिमुद्रित पुरावा स्वीकारणंच बंद केलं. त्या कोंडीतून वाट काढणाऱ्यांत उज्ज्वला कर्णिक होत्या.

वाट साधी होती. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढेमागे होते. त्या ठोक्याबरोबर ट्रान्सफॉर्मर, फ्रीज, पंखा, ट्यूबलाइट, सगळं अगदी हळू गुणगुणत असतं. आपलं लक्ष नसतं, पण माइक ते टिपतो. हा ठोका कधीच नेमका पन्नास नसतो. देशात कुठे गिरण्या सुरू झाल्या की तो किंचित मंदावतो, धरणाचं पाणी सोडलं की किंचित चढतो. आणि सगळा देश एकाच जाळ्यात जोडलेला असल्यामुळे जम्मूतला आणि मदुराईतला ठोका एकाच क्षणी एकसारखा हलतो. ही हालचाल पुन्हा कधी तशीच होत नाही. त्यामुळे देशाच्या ठोक्याची क्षणाक्षणाची नोंद कुठेतरी जपून ठेवली, तर कुठल्याही ध्वनिमुद्रणामागची गुणगुण तिच्याशी ताडून ते कधी केलं हे सांगता येतं. मध्ये तुकडे जोडले असतील तर गुणगुणीला ठेच लागते. नक्कल यंत्रानं बनवलेली असेल तर तिच्यात गुणगुणच नसते, किंवा चुकीची असते.

याला गुंजमुद्रा म्हणतात. ठोक्याची पक्की नोंद फक्त ध्वनिप्रमाण केंद्रात राहते. घरी तशी नोंद ठेवणं गुन्हा, आणि बनावट ठरलेली ध्वनिफीत पुरावा म्हणून पुढे करणं त्याहून मोठा गुन्हा.

दोन वर्षांपूर्वी अर्धा पश्चिम भारत दिवसभर अंधारात गेला. इस्पितळांत माणसं दगावली. परकीय हात, असं सरकार म्हणालं, आणि एका ध्वनिमुद्रित फोनच्या आधारानं तीन तरुण इंजिनियरांना तुरुंगात टाकलं. त्या फोनवर हिरवी खूण होती. ती पोरं आईच्या हाताखाली शिकलेली. त्यानंतर एकदा वांगी चिरता चिरता आई फोनवर म्हणाली होती, "ऋजू, आमचं एक चुकलं. कुलूप आणि किल्ली आम्ही एकाच खिशात ठेवली. ज्याच्याकडे खऱ्या ठोक्याची नोंद, त्याला खोट्या आवाजामागं खरी गुणगुण भरता येते. आयोगापुढे एवढंच सांगणार आहे मी."

एवढंच सांगायला आता ती नव्हती. आणि ती देशद्रोही ठरली की तिनं आजवर जे सांगितलं तेही कुणी ऐकणार नव्हतं.

ऋजुतानं बातमीतली वेळ पाहिली. शुक्रवार, दुपारी चारच्या सुमारास.

मग तिनं फोनवरचा तो न ऐकलेला निरोप पाहिला. त्याच्याखाली वेळ होती. शुक्रवार, दुपारी चारच्या सुमारास.

* * *

विश्राम घैसास ध्वनिप्रमाण केंद्राचे संचालक होते. एके काळी ते आईचे सहायक होते. घरी यायचे तेव्हा ऋजुतासाठी लिमलेटच्या गोळ्या आणायचे. नव्या मुंबईतल्या त्यांच्या कार्यालयात खिडक्या उघडत नव्हत्या.

"बस गं. चहा सांगतो. बिनसाखरेचा ना? मॅडमसारखाच."

"काका, आई असं करेल?"

घैसासांनी चष्मा काढून पुसला. "तुला म्हणून सांगतो. मॅडम गेलं वर्षभर पहिल्यासारख्या नव्हत्या. विसरायच्या. भलतंच बोलायच्या. तू लांब, तुला काय दिसणार? तू मुलगी म्हणून एवढंच लिहून दे, की आईची मनःस्थिती ठीक नव्हती. प्रकरण मिटतं. द्रोह वगैरे शब्द निघून जातात. म्हातारपण उरतं. त्याला कोण नावं ठेवतं?"

"आणि ती आयोगाला जे सांगणार होती ते?"

"तेही म्हातारपण."

ते इतक्या मायेनं बोलत होते की ऋजुताला क्षणभर सही करावीशी वाटली. घरी जावं, दार लावावं, झोपावं.

तिनं फोन टेबलावर ठेवला. "त्याच वेळी ती मला निरोप पाठवत होती. एक माणूस एका वेळी दोन ठिकाणी बोलत नाही. हा तपासून द्या."

घैसासांचा हात चष्म्यावरच थांबला. "काय म्हणतात मॅडम?"

"मी ऐकलेला नाही."

"ऐकला नाहीस?"

"जमलं नाही. तुम्हीही ऐकू नका. तुमचं यंत्र शब्द कुठे बघतं? ते गुणगुणच बघतं ना?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं. नाही म्हणायला कारण नव्हतं. त्यांनी फोन खोबणीत ठेवला. पडद्यावर एक रेघ धावली, देशाच्या रेघेशेजारी. दोन्ही रेघा कुठेच जुळल्या नाहीत. लाल खूण उमटली. बनावट.

ऋजुतानं खुर्चीचा हात धरला. पण तशातही तिला एक गोष्ट दिसली. लाल खूण पाहून घैसास दचकले होते. क्षणभरच. मग त्यांचे खांदे सैल झाले आणि ते मागे टेकले.

"बघ," ते हळू म्हणाले. "दुःखात असलेल्या माणसाला कुणीही काहीही पाठवतं. पुसून टाक. मी हे पाहिलंच नाही असं समजतो. बनावट फीत घेऊन आयोगापुढे गेलीस तर सात वर्षं, ऋजुता. कायद्याचा मसुदा तुझ्या आईनंच तपासलाय."

लिफ्टमध्ये तिच्या डोक्यात दोन गोष्टी आलटूनपालटून येत होत्या. आईचा शेवटचा निरोप आईचा नव्हता. आणि घैसास दचकले का? आईनं तो फोन खरंच केला असं त्यांना वाटत असतं, तर निरोप खोटा निघण्यात दचकण्यासारखं काय होतं? निरोप खरा निघणार, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. म्हणजे तो फोन खोटा आहे हे त्यांना ठाऊक होतं?

गाडीत बसून, काचा वर करून, तिनं निरोप लावला.

"ऋजू, झोपलीयेस की काम करतेयस?" आई म्हणाली. मागं भांड्याचा आवाज. "इकडे मजा आहे. आज आपलं आंबेडोह बेटावर गेलंय. वर कुठेतरी लाइनवर झाड पडलं असेल, धबधब्याचं केंद्र जाळ्यातून सुटलंय आणि आपल्या पाण्यावर एकटंच चाललंय. दिवा म्हणशील तर लवला नाही. गावात कुणाला पत्ता नाही. थांब, तुला ऐकवते."

चपलांचा फरफट आवाज. मग फ्रीजची घरघर, अगदी जवळून.

"ऐकलंस? सूर वर आहे. सांग बघू किती?"

हा त्यांचा जुना खेळ. शाळेतून येताना कॉलनीतल्या ट्रान्सफॉर्मरपाशी दोघी थांबायच्या. आई विचारायची, आज चढलाय की उतरलाय? ऋजुता कान टवकारून सांगायची. बरोबर आलं की आई तिचं दप्तर घ्यायची.

"घैसासला सांगून थकले मी," आई पुढं म्हणाली. "आता गावोगावी अशी सुटी होणारी केंद्रं आलीत, त्या बेटांचा ठोका देशाच्या ठोक्याशी जुळत नाही. त्यांचीही नोंद ठेवा, नाहीतर खऱ्याला खोटं म्हणाल. तो म्हणतो, मॅडम, चिमूटभर गावं ती, त्यांच्यासाठी कोण बसतंय. असो. खाली सुनंदाकडे बारसं आहे, मी पाळणा म्हणायचं कबूल करून बसलेय. तर मी काय म्हणत होते..."

ऋजुतानं तिथंच थांबवलं. पुढचं ऐकायची ताकद नव्हती. पण तिला कळलं होतं. निरोप देशाच्या ठोक्याशी जुळला नाही, कारण त्या दुपारी आंबेडोह देशाच्या ठोक्यावर नव्हतंच. मग त्याच घरात, त्याच दुपारी झालेल्या त्या दुसऱ्या संभाषणामागं दिल्लीचा, सगळ्या देशाचा ठोका कसा?

त्यांनी आईला मारलं नव्हतं. ती आपणहून गेली होती, आणि ती गेल्याचं कळताच त्यांनी तिचा आवाज उचलला होता. तिची शेवटची दुपार निवडली होती, कारण ती दुपार नाकारायला ती उरली नव्हती. त्यांनी नोंदीतून त्या दुपारचा ठोका काढला आणि तिच्या बोलण्याखाली अंथरला. फ्रीजसुद्धा विसरले नाहीत. फक्त चिमूटभर गाव विसरले.

* * *

सुनंदाकाकूंच्या ओटीवर बाळ पाटीत झोपलं होतं. काकू त्याच्यावरच्या माशा वारत होत्या.

"पाळणा म्हणायला येते म्हणाली तुझी आई. आलीच नाय. मी आपली मनात रुसून बसले, मला काय म्हायत... आणि आता टीवीवाले काय काय बोलतात. दुकानात मला विचारतात, तुमची शेजारीण ती? मी म्हटलं, हो. आणि माझ्या बाळंतिणीला डिंकाचे लाडू देणारी पण तीच."

"काकू, बारशाचं शूटिंग आहे?"

"आहे म्हंजे? नऊ जणांनी केलंय. बाळ कुणाच्याच फोनमध्ये सरळ दिसत नाय, ती गोष्ट वेगळी."

ऋजुतानं समजावून सांगितलं. घरात लाइट होती, पंखा चालू होता, म्हणजे त्या शूटिंगमागं त्या दुपारची गुणगुण आहे. एकट्या आईच्या निरोपाला कुणी विचारणार नाही. पण गावातल्या दहा घरांत, दहा फोनांत, तीच गुणगुण असेल तर?

"पण यंत्र त्यांना बनावट ठरवणार, काकू. तुमची नावं लागतील. मी आधी सांगतेय."

काकूंचा हात थांबला. माशी बाळाच्या कपाळावर बसली, ती त्यांनी उडवली.

"म्हंजे आमच्या बाळाचं बारसं झालंच नाय, असं सरकार म्हणणार?"

"हो."

"आणि हे बाळ?"

"काकू, सात वर्षं शिक्षा आहे."

"ते कळलं मला. सून ऐकतेय आतून, तिलाही कळलं." काकू आत बघून म्हणाल्या, "ऐकतेस ना गं?" आतून बांगड्या वाजल्या. मग सून दारात आली. तिच्या हातात तिचा फोन होता. तो तिनं ऋजुतासमोर धरला, पण लगेच सोडला नाही.

"कर्णिक आजींनी मला ब्यांकेचं शिकवलं होतं," ती म्हणाली. मग सोडला.

संध्याकाळपर्यंत ऋजुताकडे त्या शुक्रवारी चारच्या सुमाराचं सगळं गाव होतं: बारसं होतं, शाळेतल्या पंधरा ऑगस्टच्या कवायतीची तालीम होती, आणि देवळातलं भजन, ज्यात पेटीवाल्याचं आणि मृदंगवाल्याचं मध्येच भांडण होतं.

* * *

आयोगाचं काम जुन्या टाउन हॉलमध्ये चाले. निवृत्त न्यायमूर्ती सुमती देशकर उंच खुर्चीत बसल्या होत्या, पायाखाली लाकडी पाट घेऊन. यंत्र घैसासांच्या ताब्यात होतं.

"कर्णिक," न्यायमूर्ती म्हणाल्या, "यंत्रानं बनावट म्हटलं तर मला तुमच्यावर तक्रार नोंदवावी लागेल. कल्पना आहे?"

"आहे."

"तरी द्यायचंय?"

"हो. आधी आईचा निरोप. मग बाकीचे."

निरोप खोबणीत गेला. लाल. सरकारी वकिलांनी काहीतरी लिहून घेतलं.

बारसं. लाल. दुसऱ्या फोनवरचं बारसं. लाल. शाळेची कवायत. लाल. मागच्या बाकावर सुनंदाकाकू आणि त्यांची सून बसल्या होत्या. सुनेच्या मांडीवर बाळ जागं होतं आणि प्रत्येक लाल उजेडाकडे टक लावून पाहत होतं. भजन. लाल. एकामागून एक सगळं आंबेडोह बनावट ठरत गेलं. या लोकांना ऋजुतानं इथं आणलं होतं.

न्यायमूर्तींनी हात वर केला.

"म्हणजे त्या दुपारी अख्खं गाव खोटं होतं?"

"यंत्र तसं म्हणतंय," घैसास म्हणाले.

"यंत्राचं कळलं. मी तुम्हाला विचारतेय." घैसास यंत्राची वायर नीट करू लागले. न्यायमूर्ती ऋजुताकडे वळल्या. "तुमचं म्हणणं काय?"

"या सगळ्या रेघा देशाच्या रेघेवर नका ठेवू. एकमेकींवर ठेवा."

घैसास उठले नाहीत. न्यायमूर्तींनी त्यांचं नाव घेतलं, दुसऱ्यांदा घेतलं, तेव्हा उठले. पडद्यावर बारशाची रेघ आली. तिच्यावर कवायतीची बसली. भजनाची बसली. निरोपाची बसली. एवढ्या फोनांतल्या रेघा, पण पडद्यावर एकच दिसत होती. जिथं एक चढत होती तिथं सगळ्या चढत होत्या.

हॉलमधले पंखे ऐकू येऊ लागले.

"त्या दुपारी आंबेडोह जाळ्यातून सुटून आपल्या पाण्यावर चालत होतं," ऋजुता म्हणाली. "आईनं निरोपातच सांगितलंय. त्या खोऱ्यात त्या वेळी जे जे नोंदलं गेलं, त्याच्यामागं हीच गुणगुण आहे. एक सोडून."

न्यायमूर्ती पुढं झुकल्या. "ते कबुलीचं संभाषण लावा. याच पडद्यावर."

ती रेघ आली. आंबेडोहच्या रेघेपासून दूर, एकटी, आणि देशाच्या रेघेला तंतोतंत चिकटलेली. तिच्या डोक्यावर हिरवी खूण होती.

"घैसास," न्यायमूर्तींनी आवाज चढवला नाही, "त्या घरात त्या दुपारी दिल्लीचा ठोका कुठून आला?"

"तपासावं लागेल."

"देशाचा ठोका कुणाच्या कपाटात असतो?"

घैसासांनी चष्मा काढला. पुसायला रुमाल सापडला नाही. "केंद्राच्या."

"आणखी कुणाच्या?"

"कुणाच्याच नाही. मॅडमनीच... नियम तसाच आहे."

मागच्या रांगेतले वार्ताहर उठून दाराकडे धावले. सरकारी वकील हलकेच खाली बसले. न्यायमूर्तींनी त्या तीन इंजिनियरांच्या खटल्याची मूळ ध्वनिफीत आणि केंद्राच्या यंत्रांची चावी त्याच दिवशी आयोगाकडे जमा करण्याचा हुकूम सांगितला, शब्द न शब्द, सावकाश. केंद्रात त्या नोंदीला कुणाकुणाचे हात लागले याची चौकशी संचालकांपासून सुरू होईल, हेही त्यांनी सांगितलं. घैसासांच्या दोन्ही बाजूंना पोलीस येऊन उभे राहिले.

ऋजुता पडद्याकडेच पाहत होती. तिला आनंद वगैरे काही झाला नव्हता. लिमलेटच्या गोळ्या आणणारा माणूस तिथं उभा होता. त्याला आईचं घसा साफ करणं माहीत होतं. तिच्या फ्रीजची घरघर माहीत होती. किती वेळा त्यानं त्या स्वयंपाकघरात बसून चहा घेतला होता. बाहेरच्या कुणाला ते इतकं हुबेहूब जमलंच नसतं.

"एक राहिलं," न्यायमूर्ती म्हणाल्या. "निरोप पुरावा म्हणून आला आहे, तेव्हा तो सगळा वाजायला हवा. चालेल ना?"

"मी शेवटपर्यंत ऐकलेला नाही," ऋजुता म्हणाली.

न्यायमूर्तींनी तिच्यामागच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "बसा. बसून ऐका."

आई हॉलमध्ये बोलू लागली. झोपलीयेस की काम करतेयस. बेट, झाड, धबधबा. फ्रीजची घरघर छतापर्यंत गेली. घैसासचं नाव आलं तेव्हा कुणीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. मग बारसं. मग ती जागा आली जिथं ऋजुतानं गाडीत थांबवलं होतं.

"...तर मी काय म्हणत होते? हां. सोमवारचं. तू रागावलीयेस, मला माहितेय. आयोगाचं तुला पटत नाही, नको पटू दे. त्यावर आपण बोलायचंच नाही, नुसतं जेवायचं. नारळ आणून ठेवलाय. सोलायला मात्र तू बसायचंस हं, माझी नखं दुखतात आताशा. उद्या सकाळी भिजत घालायला हवेत, म्हणून आजच विचारतेय. एकटीसाठी मी काही घालणार नाही. नुसतं हो की नाही सांग. वाल भिजत घालू का?"

त्यापुढे शब्द नव्हते. पण आईनं फोन लगेच बंद केला नव्हता. जणू उत्तर तिथल्या तिथं येणार होतं. फ्रीज गुणगुणत राहिला, थोडा वरच्या सुरात. मागच्या बाकावर बाळ कुरकुरलं आणि गप्प झालं. लिपिकानं बटणाकडे हात नेला, न्यायमूर्तींनी मान हलवून त्याला थांबवलं.

ऋजुता उभी राहिली. समोर माइक होता, तो चालू आहे की नाही तिनं पाहिलं नाही.

"घाल, आई," ती म्हणाली. "येते मी."